मालेचा पहिला मान

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नाईक बबन शेंडे गेला. तो पोस्टपासून आठशे मीटरवर होता. मी रेडिओ सेटवर होतो.

बबन मुळशी तालुक्यातल्या मालेचा. मी रिहेचा. दोन्ही गावांच्या मध्ये पौडचा बाजार आहे आणि त्या बाजारात आम्ही लहानपणी शंभर वेळा एकमेकांच्या शेजारून गेलो असू. ओळख मात्र पलटणीत झाली. तो माझ्या सेक्शनमध्ये आला तेव्हा मी लान्स नाईक होतो. बॅरॅकमध्ये मी पुस्तक वाचत बसायचो म्हणून त्याने मला मास्तर हे नाव दिले. पुढे हवालदार झालो तरी पलटणीत मास्तर हेच राहिले.

शेवटची पोस्ट साडेतेरा हजार फुटांवर होती. आम्ही बावीस जण होतो. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे शस्त्र घेऊन मोर्च्यावर उभे राहणे, सातला चहा, मग फावड्याने बर्फ काढणे, शस्त्रांची सफाई, पेट्रोलिंगची तयारी. दुपारी तीनला गेम्स परेड. सैन्यात खेळ ही सवलत नसते, ती हजेरी असते. न येणाऱ्याला कारण द्यावे लागते.

खेळायला जागा म्हणजे तीस पावलांची सपाटी आणि एका बाजूला दरी. पहिल्या महिन्यात तीन चेंडू दरीत गेले. चौथा चेंडू आम्ही जाळीत घातला आणि जाळीला दोरी बांधून दोरी खुंटीला अडकवली. व्हॉलीबॉलच्या नियमात हे बसत नाही. आमच्या पोस्टवर बसत होते.

बबनला व्हॉलीबॉल येत नव्हता. तो रेशनच्या पेट्यांवर बसायचा, रिकामा जेरीकॅन मांडीत घ्यायचा आणि दोन लाकडांनी वाजवायचा. चौथ्या ठोक्याला सर्व्हिस करायची, हा त्याने घातलेला नियम. त्या वेळी लंगरात स्वयंपाक करणारा बिहारचा ठाकूर आणि तोफखान्याकडून आलेला तमिळ मुरुगन यांचे अकरा दिवस बोलणे बंद होते. कारण चिंच. मुरुगनने घरून आणलेली चिंच ठाकूरने न विचारता डाळीत टाकली होती. बबनने दोघांना खेळात एकाच संघात घातले. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. ठोका मात्र दोघांना कळत होता. तिसऱ्या दिवशी मुरुगनने चेंडू उचलला आणि ठाकूरला म्हणाला, "मारो, इमली चोर." ठाकूरने मारला. त्यानंतर डाळीत चिंच रीतसर पडू लागली.

एकदा मेजरसाहेब पाहणीला आले. जेरीकॅनचा आवाज ऐकून थांबले.

"ये क्या बजा रहे हो, शेंडे?"

"मुळशी का ढोल, साब."

"आवाज़ उस पार जाएगी."

"जाने दो साब. उनको भी पता चले हम जिंदा हैं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी सरळ समोर पाहिले. साहेब म्हणाले, "कॅरी ऑन."

गावाकडच्या लोकांना वाटते, बंदूक सैनिकांना एकत्र बांधते. माझा अनुभव तसा नाही. बंदूक ज्याची त्याची असते, तिला नंबर असतो. चेंडू आमच्यात एकच होता.

बबन दिवाळीला कधी रजा घेत नसे. त्याची रजा चैत्रात, खोऱ्यातल्या भैरवनाथाच्या जत्रेला. या जत्रेत सात गावांचे ढोल येतात. देवळासमोर कोणी आधी वाजवायचे याचा क्रम ठरलेला आहे. त्याला मान म्हणतात. पहिला मान मालेचा, दुसरा आमच्या रिहेचा. ज्या गावाचा ढोल एखाद्या वर्षी आला नाही ते गाव रांगेच्या शेवटी जाते. अकरा ढोलांपेक्षा कमी असले तरी ढोल आला असे धरत नाहीत. मालेचे ढोल बबनचे वडील आप्पा यांच्याकडे. त्यांच्याआधी त्यांच्या चुलत्यांकडे होते.

त्या हिवाळ्यात बबनची चैत्रातली रजा मंजूर झाली होती. पण त्याला घोर वेगळा होता.

"मास्तर, अकरा खांदे मिळत न्हाईत," तो म्हणाला. "आमची पोरं उरवड्याच्या कंपनीत शिफ्टला. कोणी जमीन विकून पुण्यात. आणि माझ्या घराच्या मागच्या खोल्यांत दहा भाडेकरू हायेत. लातूरचे, अमरावतीचे, सोलापूरचे. कॉम्प्युटर घेऊन बसत्यात. धडधाकट माणसं. ह्या रजेत त्यांच्याच गळ्यात ढोल बांधतो."

"गाव ऐकेल?"

"गावाला इचारतंय कोण?"

मंगळवारी तो पाच जणांना घेऊन पेट्रोलिंगवर निघाला. नऊ पाचला त्याचा रिपोर्ट आला, सगळे ठीक. नऊ तेराला सेट वाजला.

"अल्फा, अल्फा. रास्ता टूट गया. बर्फ आ गई. ओव्हर."

"अल्फा. कितने? ओव्हर."

"एक. ओव्हर."

सेटवर नाव घ्यायचे नसते. तरी मी विचारले, "कौन? ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर आली.

"ढोलवाला, सर. ओव्हर."

आम्ही अकरा पस्तीसला त्याला बाहेर काढले. कड्यावरचा बर्फ सुटला तेव्हा तो सर्वांत मागे होता. त्याने पुढच्या दोघांना हाक मारून ढकलले होते. हे त्या दोघांनी मला सांगितले. मी पाहिलेले नाही, म्हणून एवढेच लिहितो.

शवपेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून मी आलो. मालेला पोचायला तीन दिवस लागले. चार चाळीसला सलामी झाली. बबनची बायको सुरेखा हिच्या हातात मी घडी घातलेला तिरंगा दिला. आप्पांनी मला एकच विचारले, "थंडी लई व्हती का तितं?" मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली.

माझी बावीस वर्षे फेब्रुवारीअखेर पूर्ण झाली. मी घरी आलो तेव्हा जत्रेला चोवीस दिवस होते. दुसऱ्या दिवशी मालेला गेलो. ढोल देवळाच्या सभामंडपात आढ्याला टांगलेले होते आणि त्यांच्यावर फडकी बांधली होती. ढोलकऱ्याच्या घरात मृत्यू झाला की वर्षभर ढोल उतरवत नाहीत, त्याला ढोलाचे सुतक म्हणतात. संध्याकाळी सहाला गावकी बसली. बोलणे फार झाले नाही. सरपंच म्हणाले, "औंदा राहू द्या. मान जाईल रिहेला. आप्पाच्या दुःखापुढं मान काय मोठा?"

आप्पा खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "पोरगं गेलं. मान घेऊन कुटं जायचं?"

बायका मागे बसल्या होत्या. सुरेखा उठून उभी राहिली. तिच्या बोलण्यात रडणे नव्हते.

"त्यांनी रजा मंजूर करून घेतली व्हती," ती म्हणाली. "सात महिने आधी अर्ज टाकला व्हता. ती रजा कशासाठी व्हती ते ह्या गावाला ठावं हाय. मला ती वाया जाऊ द्यायची न्हाई."

एक म्हातारे म्हणाले, "पोरी, सुतक हाय."

"मलाच हाय ना? मीच म्हणतीये वाजवा."

कोणी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. बैठक मोडली. मी आप्पांजवळ गेलो आणि बबनने पोस्टवर सांगितलेला विचार त्यांना सांगितला. ते उठून टांगलेल्या ढोलांखाली जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "शिडी आणा."

गावातले पाच जण मोकळे सापडले. बबनच्या खोल्यांतले दहापैकी नऊ आले. त्यांच्यात स्नेहल होती. ती अमरावतीची, सॉफ्टवेअर तपासायचे काम करते, दुपारी दोनला कामाला बसते. पहिल्या दिवशी मी तिला म्हणालो, "ढोल जड असतो."

ती म्हणाली, "काका, गॅसचं सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर मीच नेते. तेव्हा कोणी नाही म्हणत जड आहे म्हणून."

सकाळी सहा ते साडेसात, मैदान शाळेमागचे. मी सैनिक आहे. माणसे शिकवायची एकच पद्धत मला येते. फॉल इन केले, उंचीप्रमाणे उभे केले, एक ते चौदा नंबर दिले. पट्टा कसा बांधायचा, टिपरू म्हणजे ढोलाची काठी कशी धरायची, डावा पाय कधी, उजवा कधी. आप्पांनी पहिल्या दिवशी ठेका सांगितला आणि मग ते आलेच नाहीत. मी त्या ठेक्याचे तुकडे केले आणि एक-एक तुकडा पाठ करून घेतला. बाराव्या दिवशी चौदा ढोल एका क्षणी वाजत होते. पाय एका क्षणी पडत होते. मला समाधान वाटले. मी आप्पांना बोलावले.

आप्पा बांधावर बसून सगळे ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "हवालदार, ही परेड हाय. ढोल न्हाई."

मी विचारले, काय चुकते.

"चुकत काहीच न्हाई, त्येच चुकतंय. पाय ठोक्यावर टाकत न्हाईत. ठोका पडून गेला की मधी मोकळी जागा राहती, तितं पाय टाकायचा. आणि ती जागा तुमच्या आकड्यानं घावायची न्हाई. शेजारचा श्वास कवा घेतो त्यावर घावती." मग त्यांनी ओळीकडे बोट केले. "ह्या बाईच्या शेजारी कोण हाय?"

"सात नंबर," मी म्हणालो.

"नाव काय त्याचं?"

मला माहीत नव्हते. स्नेहललाही माहीत नव्हते. ती दोन वर्षे बबनच्या घरामागे राहत होती आणि सात नंबर म्हणजे शेजारच्याच घरातला सरपंचांचा पुतण्या होता. आप्पांनी त्याला विचारले, "ही कोण?"

"खोली नंबर चार," तो म्हणाला.

एक जण हसला. बाकी कोणी हसले नाही. गावाने त्यांना खोल्यांचे नंबर दिले होते. मी त्यावर आणखी एक नंबर चढवला होता. माझी चूक मला त्या सकाळी कळली.

आप्पांनी ढोल खाली ठेवायला लावले आणि सगळ्यांना बांधावर बसवले. नाव, गाव, आणि तुझ्या गावची जत्रा कधी असते, एवढे प्रत्येकाला विचारले. तासभर गेला. सोलापूरकडच्या एकाने त्यांच्या गजीनाचाची पावले बांधावरच करून दाखवली. लातूरच्या प्रशांतने त्यांच्या जत्रेतल्या कुस्त्या सांगितल्या आणि आमच्या पाच जणांपैकी दोघांनी त्याला तिथेच धरायला सुरुवात केली. स्नेहल म्हणाली, "माझ्या गावची जत्रा मी सहा वर्षांत पाहिली नाही. सुट्टी नाही मिळत." सरपंचांचा पुतण्या दीपक म्हणाला, "मग आमची बघा. फुकाट हाय." ती म्हणाली, "बघायची नाही. वाजवायची आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी मोजणे बंद केले. पहिले चार दिवस सगळे विस्कटले. पाचव्या दिवशी पाय मोकळ्या जागेत पडू लागले. आप्पा उठून स्वतःचा ढोल घेऊन ओळीत आले. पंधरा झाले.

या काळात रिहेत माझ्यावर बोलणी होत होती. आमच्या गावचे ढोल माझा चुलतभाऊ सोपान सांभाळतो. एका सकाळी त्याने मला पाणवठ्यावर गाठले.

"दादा, सरकारनं पेन्शन दिली ती मालेच्या पत्त्यावर का?"

"रिहेच्याच."

"मग आपला मान घालवायला का निघाला? आयता येतोय."

"आयता येतोय म्हणूनच."

"बबन माझा पण सोबती व्हता," सोपान म्हणाला. "पण भाडेकरू घेऊन मान राखता येत न्हाई. मी जत्रेत आडवा पडणार. आधीच सांगून ठेवतो."

"सांगितलंस हे बरं केलंस."

तो शब्दाचा पक्का आहे. जत्रेच्या दिवशी दुपारी चारला पालखी देवळाबाहेर आली. मालेचे पंधरा ढोल पायरीसमोर उभे होते. पुढे मी, हातात झांजा. सोपान आमच्या आणि पालखीच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"पंच, मोजा," तो म्हणाला. "मालेचं सहा. नऊ भाड्याचं. अकरा हायेत कुटं?"

सातही गावांचे पंच कट्ट्यावर बसले होते. त्यातले वडील पंच उठले. "आप्पा, एक तर तुमच्या घरात सुतक. त्यात ही बाहेरची माणसं. मान गावाचा असतो."

आप्पा म्हणाले, "गावाचाच हाय."

"मग गावची माणसं आणा."

मागून स्नेहल बोलली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "आजोबा, मी मालेत दोन वर्षं झाली राहते. तिथलंच पाणी पिते. बबनदादा गेले तेव्हा तेरा दिवस सुरेखाताईंच्या घरी स्वयंपाक मी आणि माझ्या खोलीतलीनं केला. त्या दिवशी कोणी नाही विचारलं, गाव कोणतं म्हणून."

गर्दीतून कोणी तरी म्हणाले, "बाई हाय म्हणून गप बसतोय."

"नका बसू गप," ती म्हणाली. "बोला."

पंच आपापसांत कुजबुजू लागले. दहा मिनिटे गेली. पालखीचे भोई उन्हात उभे होते. पंचांनी सांगितले की अजून थांबा, निर्णय देतो. मी घड्याळ पाहिले. चार बावीस.

बावीस वर्षांत मी ऑर्डरशिवाय पाऊल उचलले नव्हते. पेट्रोलिंगची वेळ असो की साधी चहाची सुट्टी. मी मागे वळून आप्पांकडे पाहिले. त्यांनी पट्टा खांद्यावर नीट बसवला. त्यांच्यामागे बायकांच्या घोळक्यात सुरेखा उभी होती. ती म्हणाली, "वाजवा."

मी झांज मारली.

आम्ही तीन पावले पुढे आलो तरी सोपान तसाच उभा राहिला. पहिला ढोल त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर आला तेव्हा तो बाजूला झाला. आम्ही देवळासमोर पूर्ण खेळ केला. वीस मिनिटे. पायरीपासून पारापर्यंत आणि पुन्हा मागे. प्रशांतचे टिपरू तुटले, त्याने उरलेला खेळ हाताने केला. दीपक आणि स्नेहल शेजारी होते. माझ्या मागे पंधरा ढोल होते आणि ते मोजायची मला गरज पडली नाही. हा आवाज साडेतेरा हजार फुटांवर, जेरीकॅनमधून, मी रोज ऐकला होता. तेव्हा मला त्यातला निम्माच कळला होता.

खेळ संपल्यावर आप्पा खाली बसले. सुरेखाने त्यांना पाणी दिले. ते म्हणाले, "झाली त्याची रजा."

पंचांनी पाच वाजता निर्णय दिला. मालेने पंचांचा शब्द मोडला, सुतकात ढोल उतरवला, गावची अकरा माणसे नव्हती. पहिला मान रिहेला. माले सातव्या जागी. वडील पंचांनी हे उभे राहून सांगितले आणि आप्पांना नमस्कार केला. आप्पांनीही केला. नियमाप्रमाणे पाहिले तर निर्णय बरोबर होता. तो होणार हे झांज मारताना मला माहीत होते.

नंतर गावात बोलणारे बोलले. हवालदाराने जुना मान घालवला, म्हाताऱ्याला नादी लावले, भाडेकरूंना डोक्यावर बसवले. सरपंच महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला कोणी विचारले तर मी उत्तर देतो. मान राखायला आम्ही ढोल उतरवला होता, हे खरे आहे. मान गेला, हेही खरे आहे. पण त्या दिवशी पंचांच्या परवानगीची वाट पाहत आम्ही ढोल गळ्यात घालून गप्प परत आलो असतो, तर मालेत पुढच्या वर्षी शिडी कोणी आणली नसती. मला याची माफी मागायची नाही. कोणापुढेच नाही.

ढोल वाजवून भांडणे मिटतात असेही मी म्हणत नाही. खोल्यांचे भाडे, पाण्याची वेळ, रस्त्यावर लावलेल्या गाड्या यांवरून अजून वाद होतात. फरक इतकाच, की आता वाद घालताना नाव घेतात. परवा दीपक अंगणात ओरडत होता, "स्नेहल, तुझी गाडी काढ, माझा टेम्पो अडकलाय." ती वरून ओरडली, "दीपक, ताल धर, येते."

सोपान आषाढात माझ्या घरी आला. चहा घेतला. उठताना म्हणाला, "दादा, तो मधल्या जागेत पाय टाकायचा प्रकार आमच्या पोरांना जमत न्हाई. आप्पा शिकवतील का?"

"विचार त्यांना."

"मी कसा इचारू?"

"जसा आडवा आलास तसा. समोर उभा राहून."

त्याने विचारले. आप्पा गुरुवारी रिहेला जातात. मी त्यांना मोटारसायकलवर नेतो. परतताना ते पौडला थांबतात, बाजारात एक चक्कर मारतात आणि पुस्तकांच्या गाड्याजवळ मला सोडून स्वतः भजी खायला जातात. बबनबद्दल आम्ही फारसे बोलत नाही. एकदाच त्यांनी विचारले, पोस्टवर तो डब्यावर पहिला ठोका कोणत्या हाताने मारायचा. मी डावा म्हणालो. ते म्हणाले, "मी उजवा शिकवला व्हता."

ठाकूर आणि मुरुगन अजून नोकरीत आहेत. दोघांचे फोन येतात. त्या पोस्टवर आता दुसरी पलटण आहे.

मालेत आज एकोणीस ढोल आहेत. मान सातवा आहे. बबन नाही.